डबी कुठे अडली?

आमच्या गावच्या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर एक जुना टीव्ही आहे आणि त्याच्या पाठीला चिकटपट्टीने लावलेली एक काळी डबी आहे. तळहाताएवढी. पूर्वी ती कुणाच्या तरी घरी सिनेमे दाखवायची. त्या घरात नवा टीव्ही आला, डबीची गरज संपली आणि ती वाचनालयाच्या वाट्याला आली. माझ्या भाच्याने एका मेमरी कार्डावर लिनक्स भरलं, ते कार्ड डबीत घातलं आणि कीबोर्ड-माउस जोडून दिले. तेव्हापासून तोच वाचनालयाचा संगणक. दुपारच्या निवांत वेळात ग्रंथपालताई त्यावर पुस्तकांची यादी करतात आणि संध्याकाळी मुलं मराठी टायपिंग शिकतात.

एका सोमवारी सकाळी डबी सुरू झाली नाही. दिवा लागला होता. पण नेहमीचं चित्र येण्याऐवजी काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या पांढऱ्या ओळी आल्या आणि खाली एक खूण लुकलुकत राहिली. जवळच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याने ती पाहिली आणि निकाल दिला, ‘बोर्ड गेला. टाकून द्या.’ दुपारपर्यंत दुसरा निकालही लागला. कार्यकारिणीतले एक सदस्य म्हणाले, ‘ताईंनीच नको ते काहीतरी दाबलं असणार.’ डबीत तीन महिन्यांची मेहनत होती, सव्वीसशे पुस्तकांच्या नोंदी. ताई काही बोलल्या नाहीत. जुनं रजिस्टर उघडून त्या पहिल्या पानापासून पुन्हा बघायला लागल्या.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. इंजिनिअर नव्हे. पण गेली काही वर्षं माझं लिखाण अशाच एका छोट्या बोर्डावर चालतं आणि त्याच्या रुसव्याफुगव्यांनी मला थोडंफार शिकवलं आहे. त्या दिवशी दिले गेलेले दोन्ही निकाल तपासाआधीच दिलेले होते. ‘बंद पडलं’ ही तक्रार झाली. निदान करायचं तर ‘कुठे बंद पडलं’ हे शोधावं लागतं. ते कसं शोधायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी ही यंत्रं म्हणजे काय ते पाहू. मोठ्या संगणकात मेंदू, स्मरणशक्ती, चित्र दाखवणारा भाग असे वेगवेगळे भाग एका पेटीत जोडलेले असतात. छोट्या यंत्रात हे सगळं एकाच बोर्डावर बसवलेलं असतं. यातला सर्वांत माहितीचा बोर्ड म्हणजे इंग्लंडमधल्या केंब्रिजचा रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू असा, की मुलांना प्रोग्रामिंग शिकायला स्वस्त संगणक मिळावा. त्यातली चिप ‘आर्म’ या घराण्यातली. हे घराणंही केंब्रिजचंच. १९८५ साली एकॉर्न या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याची पहिली चिप घडवली. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही त्याच घराण्याची चिप असते.

टीव्ही बॉक्स हा या बोर्डाचा बाजारातला चुलतभाऊ. त्यातही आर्मचीच चिप असते, ॲमलॉजिक, रॉकचिप किंवा ऑलविनर अशा कंपनीची. दुकानातून येताना त्यात अँड्रॉइड असतं. पण चिप शेवटी संगणकाचीच. म्हणून त्यावर लिनक्स चालवता येतं. लिनक्स म्हणजे लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हेलसिंकीत सुरू केलेली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी वाढवलेली, कुणालाही मोफत वापरता येणारी यंत्रणा. अशा छोट्या बोर्डांसाठी तिचं ‘आर्मबियन’ नावाचं एक रूप आहे. आमच्या डबीत तेच आहे.

दोन्ही भावंडांत एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. रास्पबेरी पाय बनवणारे लोक त्याची माहिती छापतात, चुका दुरुस्त करतात, जुन्या बोर्डांकडेही लक्ष देतात. स्वस्तातल्या टीव्ही बॉक्सला असा कुणी वाली नसतो. बाहेर एकच नाव, एकच रंग. पण या खेपेच्या डबीत एक वायफाय चिप, पुढच्या खेपेच्या डबीत दुसरीच. खोक्यावर चार जीबी मेमरी छापलेली आणि आत प्रत्यक्षात दोनच, असेही प्रकार होतात. अँड्रॉइडमध्ये फेरफार करून खोटा आकडा दाखवता येतो. लिनक्स घातल्यावर खरा आकडा कळतो. त्यामुळे डबीवरचं नाव वाचून उपाय शोधू नये. झाकण उघडून बोर्डावर छापलेला क्रमांक आणि चिपचं नाव वाचावं. आमच्या डबीत चिप निघाली ॲमलॉजिक एस९०५एक्स.

आता मुख्य गोष्ट. एसटी स्टँडवर आपली गाडी वेळेवर येत नाही, तेव्हा आपण कंट्रोलरकडे जातो. जाणता कंट्रोलर ‘गाडी गेली कामातून’ असं म्हणत नाही. तो मागच्या स्टँडला फोन लावतो. तिथून सुटली असेल, तर अडचण त्या स्टँडच्या पुढे आहे. सुटलीच नसेल, तर मागे आहे. डबीचंही तसंच. बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत तिला काही ठरलेले स्टँड लागतात. पहिला, वीज. दुसरा, चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक बारीक प्रोग्राम. त्याला बूट रॉम म्हणतात. तो कार्डावर किंवा आतल्या साठवणीत पुढचा प्रोग्राम शोधतो. तिसरा, तो पुढचा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. बऱ्याच डब्यांत त्याचं नाव यू-बूट. चौथा, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल आणि त्याच्या हातात दिलेला बोर्डाचा नकाशा. पाचवा, कार्डावरचा फायलींचा मोठा कप्पा. आणि सहावा, चित्र, आवाज, नेटवर्क. गाडी यांतल्या कोणत्या स्टँडपर्यंत पोचली, एवढं कळलं की अर्धी दुरुस्ती झाली.

पहिल्या स्टँडकडे लोक बघतच नाहीत, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळे तिथेच असतात. माझ्या घरी रास्पबेरी पाय ४ आहे. त्याला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. मी मोबाइलचा चार्जर आणि घरातली एक बारीक केबल लावली. बोर्ड चालू व्हायचा, पण लिहिता लिहिता मध्येच अडखळायचा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं एक पिवळं चिन्ह चमकून जायचं. मला ते शोभेचं वाटलं! फोनवर भाच्याला सहज सांगितलं, तर तो ओरडलाच, ‘मामू, ती शोभा नाही. तो उपाशी असल्याचं सांगतोय.’

हिशेब साधा आहे. वीज ४.६३ व्होल्टच्या आसपास किंवा खाली घसरली, की बोर्ड ती खूण दाखवतो. आता समजा, चार्जर ५ व्होल्टचा आहे. केबलच्या तारा बारीक, जाण्या-येण्याचा मिळून त्यांचा विरोध ०.२ ओहम. बोर्डाने अडीच अँपिअर ओढले, तर केबलमध्येच अर्धा व्होल्ट खर्च होतो. बोर्डाच्या हाती पडतात साडेचार. म्हणजे चार्जर चांगला, बोर्डही चांगला, पण मधली केबल दोघांना भेटू देत नाही. मोबाइलला हे चालतं, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. थोडी वीज कमी आली तर तो सावकाश भरतो. या बोर्डाच्या पोटात बॅटरी नसते. म्हणून काहीही बिघडलं तर आधी अडॅप्टर आणि केबल बदलून बघावी. हार्ड डिस्क जोडली की बोर्ड बंद पडत असेल, तरी संशय आधी विजेवरच घ्यावा.

टीव्ही बॉक्सबाबत एक धोक्याची सूचना. पुष्कळ डब्यांना गोल पिनेचा ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. आपल्याकडे डिशच्या सेट टॉप बॉक्सला १२ व्होल्टचा अडॅप्टर येतो आणि त्याची पिन कधी कधी याच भोकात अगदी बरोबर बसते. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं होत नाही. ५ व्होल्टच्या डबीला १२ व्होल्ट दिले, तर ती खरोखरच जाईल. मग कुठे अडली हे शोधायची गरजच उरणार नाही. अडॅप्टरवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत.

दुसरा आणि तिसरा स्टँड मुख्यतः कार्डावर अवलंबून. रास्पबेरी पायवर लाल दिवा विजेचा आणि हिरवा दिवा कामकाजाचा. कार्ड वाचलं जात असेल तर हिरवा अनियमित लुकलुकतो. लाल आहे आणि हिरवा अजिबात हलत नाही, तर कार्ड वाचलं जात नाही असं समजून पुढे जावं. हिरव्याला भाषाही आहे. ठरावीक अंतराने चार वेळा लुकलुकला, तर सुरुवातीची फाइल सापडत नाही. सात वेळा, तर कर्नल सापडत नाही. पोस्टातल्या तारयंत्राची टिकटिक आठवणाऱ्यांना गंमत वाटेल.

कार्डाबाबत दोन गोष्टी. एक, बाजारात बनावट कार्डं पुष्कळ. वर ६४ जीबी लिहिलेलं, आत आठच. संगणकालाही ते चौसष्ट असल्याचं सांगतं. आठ जीबी भरेपर्यंत सगळं छान चालतं, त्यापुढे लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्यावर लिहिलं जातं. लिनक्समध्ये ‘एफ३’ नावाचं साधन आहे. ते पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून पडताळतं. नवं कार्ड आणलं की आधी त्याची ही परीक्षा घ्यावी, मगच त्यावर भरवसा ठेवावा. दुसरी गोष्ट, कार्डावर लिनक्स भरल्यावर ते नीट भरलं गेलं की नाही याची पडताळणी करून घ्यावी. ती दोन मिनिटं वाचवली तर दोन दिवस जातात. माझे गेलेले आहेत.

टीव्ही बॉक्सला शिवाय एक समजूत घालावी लागते. तिला वर्षानुवर्षं आतल्या अँड्रॉइडवरून उठायची सवय. ‘आज कार्डावरून ऊठ’ हे तिला सांगायचं कसं? ॲमलॉजिकच्या बऱ्याच डब्यांत, जिथे आवाजाची गोल पिन जाते त्या भोकाच्या तळाशी एक लपलेलं बटण असतं. लाकडी टूथपिक आत घालून ते हलकेच दाबायचं, दाबून धरूनच वीज चालू करायची आणि काही सेकंदांनी सोडायचं. एकदा हे जमलं की पुढच्या वेळी कार्ड असेल तर ती आपली आपण कार्डाकडे वळते. कार्ड काढलं की पुन्हा जुनं अँड्रॉइड. कार्ड घालूनही अँड्रॉइडचंच चित्र आलं, तर निराश होऊ नये. डबी ठणठणीत आहे, वीजही पुरेशी आहे. तिने फक्त कार्डाची दखल घेतलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा स्टँड मला सर्वांत आवडतो. मोठ्या संगणकात जोडलेले भाग विचारलं की आपली ओळख सांगतात. आर्मच्या या चिपांमध्ये बरेचसे भाग मुके असतात. दिवा कोणत्या तारेवर आहे, कार्डाचा खाचा कुठे आहे, नेटवर्कची चिप कोणत्या पत्त्यावर बसते, हे कर्नलला आपोआप कळत नाही. म्हणून त्याच्या हातात एक फाइल द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. ती बोर्डाचा नकाशाच असते. नवीन पोस्टमन गावात आला तर त्याला गल्ल्यांचा नकाशा लागतो, तसंच हे. नकाशा शेजारच्या गावाचा दिला, तर काही पत्रं योगायोगाने पोचतील, बाकीची फिरत राहतील. डबी सुरू होते पण केबलचं इंटरनेट नाही, चित्र आहे पण आवाज नाही, असं दिसलं की नकाशा चुकला असावा. आणि फारच चुकला तर पडदा काळाच.

आर्मबियनच्या कार्डावर ‘एक्स्टलिनक्स’ नावाच्या कप्प्यात एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यातल्या एका ओळीत कोणता नकाशा घ्यायचा ते लिहिलेलं असतं. आमच्या एस९०५एक्स डबीला पी२१२ या नमुना-बोर्डाचा नकाशा चालला. स्वस्तातल्या एस९०५डब्ल्यू चिपेला बहुधा पी२८१ चा लागतो. कार्ड दुसऱ्या संगणकात घालायचं, ती ओळ बदलायची, पुन्हा डबीत घालून बघायचं. पण एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि डबी सुरू झाली, तरी कशामुळे सुरू झाली ते कळत नाही. बिघडली तर परत कुठे जायचं तेही कळत नाही.

पडदा काळा आहे म्हणजे आत सामसूम आहे असंही समजू नये. कधी केवळ चित्राचाच भाग अडलेला असतो. डबीला नेटवर्कची केबल लावावी आणि राउटरच्या यादीत तिचं नाव येतं का ते पाहावं. आलं, तर ती जागी आहे, फक्त दिसत नाही. दुसऱ्या संगणकावरून तिच्यात शिरून दुरुस्ती करता येते. रास्पबेरी पाय ४ ला चित्राची दोन भोकं आहेत. विजेच्या भोकाला जवळचं आहे ते आधी वापरावं.

आणि काहीच दिसत नसेल, तर शेवटचा उपाय म्हणजे तीन तारा. बहुतेक बोर्डांवर तीन-चार बारीक टिकल्या असतात, त्यातून यंत्र पहिल्या क्षणापासून आपली हकीकत सांगत असतं. त्याला सिरियल कन्सोल म्हणतात. यूएसबीला जोडायची एक छोटी पट्टी मिळते. तिची जमिनीची तार डबीच्या जमिनीला जोडायची. डबीची बोलायची तार पट्टीच्या ऐकायच्या तारेला आणि पट्टीची बोलायची तार डबीच्या ऐकायच्या तारेला. म्हणजे फुलीसारखी. पट्टी ३.३ व्होल्टची घ्यावी, आणि तिची विजेची तार मोकळीच ठेवावी. बोलण्याचा वेगही जुळावा लागतो. ॲमलॉजिक आणि ऑलविनरच्या बोर्डांवर तो साधारणपणे १,१५,२०० असतो, रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांवर १५,००,०००. वेग चुकला की पडद्यावर अगम्य चिन्हांचा पाऊस पडतो. वेग जुळला की सरळ वाक्यं येतात, आणि त्यातलं शेवटचं वाक्य म्हणजे कंट्रोलरला मागच्या स्टँडवरून आलेला फोन.

पाचवा स्टँड मी शेवटी घेणार आहे, कारण आमची डबी तिथेच अडली होती. त्याआधी सहावा. इथे यंत्र सुरू होतं, पण लंगडतं. एक उदाहरण घड्याळाचं. एका सकाळी माझ्या बोर्डावर एकही संकेतस्थळ उघडेना; सगळीकडे ‘सुरक्षित नाही’ असा इशारा. इंटरनेट तर चालू होतं. कारण निघालं तारखेचं. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बंद असताना त्याला वेळेचं भान राहत नाही. सुरू झाल्यावर तो नेटवरून वेळ विचारतो. त्या दिवशी ते विचारणं फसलं आणि तो मागच्याच तारखेत जगत राहिला. त्याच्या दृष्टीने संकेतस्थळांची प्रमाणपत्रं अजून लागूच झाली नव्हती. काही डब्या तर १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवतात, कारण त्यांची कालगणना तिथूनच सुरू होते. तारीख दुरुस्त केली, सगळं उघडलं. २०२३ साली आलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्ये घड्याळाची सोय आहे, पण तिची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

दुसरं उदाहरण उष्णतेचं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी यंत्र संथ होतं. पायची चिप ८० अंश सेल्सिअसला पोचली की स्वतःचा वेग कमी करू लागते. तो बिघाड नव्हे, आत्मरक्षण. टीव्हीच्या मागे, भिंतीला टेकवून, वर फडकं टाकलेली डबी उन्हाळ्यात संथच चालणार. आणि तिसरं उदाहरण आपल्या लिपीचं. नव्याने लिनक्स घातलं आणि मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसले, तर मजकूर खराब झालेला नसतो; देवनागरीचा फाँट घातलेला नसतो. तो घातला की चौकोनांच्या जागी अक्षरं येतात. पहिल्यांदा माझ्याच कवितेच्या जागी मी चौकोन पाहिले तेव्हा काळजात चर्र झालं होतं, म्हणून हे सांगतो.

आणखी एक इशारा टीव्ही बॉक्स वापरणाऱ्यांसाठी. काही स्वस्त डब्यांच्या अँड्रॉइडमध्ये हेरगिरी किंवा फसवणूक करणारे प्रोग्राम आधीच घातलेले सापडले आहेत. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा प्रकाराबद्दल लोकांना जाहीरपणे सावध केलं. कार्डावरून लिनक्स चालवलं तर ते अँड्रॉइड जागं होत नाही, हा फायदा आहेच. पण बूटलोडर डबी बनवणाऱ्याचाच राहतो. म्हणून अशा डबीवर टायपिंग करावं, याद्या कराव्यात, गाणी ऐकावीत. बँकेचे व्यवहार करू नयेत.

आता पाचवा स्टँड. त्या सोमवारी ताईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. काळ्या पडद्याचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. तो मी भाच्याला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन. ‘मामू, डबी मेलेली नाही. ती बोलते आहे, आपण वाचत नाही.’ त्या पांढऱ्या ओळींचा अर्थ असा होता, की कार्डाच्या कप्प्यात अनपेक्षित विसंगती आढळली आहे, तपासणीचा प्रोग्राम हाताने चालवा. म्हणजे गाडी वीज, बूट रॉम, बूटलोडर, कर्नल आणि नकाशा असे चार स्टँड सुखरूप पार करून पाचव्यावर थांबली होती. बोर्ड गेला असता तर हे वाक्य लिहायला कुणी उरलंच नसतं.

मी म्हटलं, ‘मग चालवतो तो प्रोग्राम.’ तो म्हणाला, ‘थांबा. मूळ कागदावर खोडरबर चालवायचा नाही. आधी झेरॉक्स काढा.’ हा सल्ला मी कधी विसरणार नाही. तपासणीचा प्रोग्राम विसंगती मिटवतो, पण मिटवताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते तोच ठरवतो. कार्ड आजारी असेल तर त्या खटाटोपात ते आणखी खालावतं. म्हणून कार्ड डबीतून काढून माझ्या बोर्डाला जोडलं आणि ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने त्याची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घेतली. हे साधन आधी चांगला भाग वाचून घेतं आणि मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतं. रात्रभर ते चाललं. सकाळी प्रतीच्याही प्रतीवर आम्ही तपासणी चालवली.

यादीची चालू फाइल उघडली, पण आत काहीच नव्हतं. ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मग त्यांनीच हळूच सांगितलं, ‘चाचा, मी दर शनिवारी दुसऱ्या नावाने एक प्रत ठेवते. शाळेत वही दोनदा लिहायची सवय होती.’ परवाच्या शनिवारची प्रतही बिघडलेली होती. त्याच्या आधीच्या शनिवारची मात्र नीट उघडली. गेल्या त्या एका आठवड्याच्या, जवळपास दोनशे नोंदी. ताईंनी चार दुपारी बसून त्या पुन्हा केल्या.

पण काम इथे संपत नव्हतं. कार्ड बिघडलं कशाने, हे राहिलंच होतं. ताई पाचला जातात. मुलं सातपर्यंत बसतात. सात वाजता आमचे नाना, वाचनालयाचे सर्वांत जुने सेवक, दिवे-पंखे बंद करून शेवटी मेन स्विच खाली ओढतात. तीस वर्षं ते असंच करत आले आहेत. डबी त्या वेळी कार्डावर काहीतरी लिहीत असेल, तर वाक्य अर्धवट राहतं. एकदा चालून जातं, दहादा चालून जातं, एके दिवशी जात नाही. नाना म्हणाले, ‘भाई, तिला आधी सांगून झोपवावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’ खरं होतं. मी मुलांना शिकवलं, ताईंना शिकवलं. शेवटचा स्विच ज्यांच्या हाती होता, त्यांनाच सांगायचं राहून गेलं. चूक माझी होती. कार्यकारिणीच्या बैठकीत मी तसं सांगितलं. ज्या सदस्यांनी ताईंचं नाव घेतलं होतं, त्यांनीच त्या दिवशी ताईंच्या शनिवारच्या प्रतीबद्दल आभाराचा ठराव मांडला.

आता मेन स्विचवर नानांच्याच हस्ताक्षरातली एक चिठ्ठी आहे, ‘आधी डबी शटडाउन, मग स्विच.’ कार्ड नवं आहे, परीक्षा घेऊन बसवलेलं. शनिवारची प्रत पेनड्राइव्हवर जाते आणि तो पेनड्राइव्ह ताईंच्या कपाटात राहतो. टेबलावर एक वही आहे; डबीला काही झालं तर तारीख, पडद्यावर काय दिसलं, कोणता एक बदल केला, हे त्यात लिहायचं.

तुमच्याही घरात अशी एखादी डबी किंवा बोर्ड कपाटात ‘मेला’ म्हणून पडला असेल. भंगारात देण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या. चांगला अडॅप्टर, चांगली केबल, पारखलेलं कार्ड. आणि पडद्यावर जे काही येईल त्याचा आधी फोटो. मग एकेक स्टँड मागे जात विचारा, इथपर्यंत आली होती का? खरंच गेलेली असेल तर तेही कळेल, आणि मग टाकून देताना मनात संशय राहणार नाही. तोवर कुणाचं नाव घ्यायची घाई मात्र करू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)